पतसंस्थेच्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड कोणता घ्यावा? (भरवशाचा हवा, भपकेबाज नको)

काठावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची चिपळूण तालुक्यातली छोटी पतसंस्था. काउंटरला तीन मशीन, व्यवस्थापकांच्या टेबलावर एक, आणि आतल्या खोलीत सर्व्हर म्हणून चालवतो ते एक. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. तेव्हा बाजारात जे हाती लागलं ते उचललं, कारण ठेवीदार दारात उभे होते. त्यातले दोन बोर्ड या पावसाळ्यात बसले. एकाचं लॅन (नेटवर्क केबलचं पोर्ट) गेलंय, दुसरा बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा मारतो आणि गप्प.

दुरुस्तीवाला म्हणतो, "एच६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड आहेत, नवे कोरे मिळतात, दोन-अडीच हजारांत टाकून देतो." व्यवस्थापकसाहेबांचा भाचा म्हणतो, गेमिंगचा बोर्ड घ्या, तोच टिकतो. संचालक मंडळ म्हणतं, तीन कोटेशनं आणा. कोटेशन मागायला गेलो तर दुकानदार मलाच विचारतो, "कुठला बोर्ड टाकू?"

कामाचं स्वरूप: ब्राउझरमध्ये चालणारं बँकिंग सॉफ्टवेअर, टॅली, एक्सेल, बस्स. मॉनिटर जुने, व्हीजीएवाले. पासबुक प्रिंटरही जुना, मागे रुंद पोर्ट असलेला, आणि तो बदलायला मंजुरी नाही. बोर्ड असा हवा की पाच-सहा वर्षं त्याचं नाव काढावं लागू नये. जाणकारांनी सांगावं.

फुकटफौजदार

इंटेलचा ओरिजिनल बोर्ड घ्या आणि झोपा निवांत. आमच्या पेढीवर ९४५ चिपसेटवाला इंटेलचा बोर्ड अजून बिलं काढतोय. बाकी सगळा कचरा.

बिनतारी

फौजदारसाहेब, तो बोर्ड आता आणायचा कुठून? डेस्कटॉपचे मदरबोर्ड बंद करत असल्याचं इंटेलने जानेवारी २०१३ मध्येच जाहीर केलं. आज खोक्यावर इंटेलचं नाव दिसतं त्याचा अर्थ वरची चिपसेट इंटेलची, एवढाच. बोर्ड करणारी कंपनी वेगळी, वॉरंटीही तिचीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात अजूनही "इंटेलचा बोर्ड" मागणारी गिऱ्हाइकं येतात आणि त्यांना भलतंच काही बांधून दिलं जातं.

सोल्डरगन

दुरुस्तीच्या टेबलावरून लिहितोय, जरा सविस्तर लिहितो.

आधी एच६१. हा चिपसेट २०११ सालचा. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरपुरता. तो बनणं कधीच थांबलंय. मग "नवा कोरा" एच६१ येतो कुठून? बरेचदा पीसीबी (भाग बसवायची मूळ पट्टी) नवा, खोकं नवं आणि मधली चिपसेट जुन्या बोर्डावरून उतरवून पुन्हा बसवलेली. काही वर्षानुवर्षं चालतात, नाही म्हणत नाही. पण तुम्ही भरवसा विकत घ्यायला निघालायत, आणि इथे नेमकी तीच गोष्ट पाकिटात नाही. एच८१ चं तेच, फक्त तो २०१३ चा.

दुसरी अडचण त्याहून मोठी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एच६१ त्यात कुठेच बसत नाही. इकडचं तिकडचं करून विंडोज ११ चढवून देणारे आहेत, मला करता येतं. पण लोकांच्या ठेवींचा हिशेब असलेल्या मशीनवर मी ते करणार नाही. तेव्हा दोन-अडीच हजार वाचत नाहीयेत, पुढे ढकलले जातायत.

आता बंद पडलेले दोन. "पंखा अर्धा फेरा मारून गप्प" म्हणजे बोर्डच मेला असं लगेच धरू नका. कॅबिनेट उघडा, प्रोसेसरशेजारचे उभे डबीसारखे कपॅसिटर बघा. माथा सपाट असला पाहिजे. ज्यांच्या डोक्यावर फुलीसारखी चीर असते ते जुन्या पद्धतीचे, आत द्रव असलेले. ते माथ्यावर फुगले किंवा बुडाशी तपकिरी चिकट काही आलं की त्यांचा कारभार आटोपला. सॉलिड कपॅसिटरच्या माथ्यावर चीर नसते, आत द्रवही नसतो, उकाड्यात ते खूप जास्त टिकतात. नवा बोर्ड घेताना निदान प्रोसेसरभोवती तरी सगळे सॉलिड हवेत. आज नावाजलेल्या कंपन्यांच्या स्वस्तातल्या बोर्डांवरही ते असतात.

फुगवटा नसेल तर दुसरी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) लावून बघा. कॅबिनेटबरोबर फुकट येते ती, जिच्यावर ४५० वॅट छापलेलं असतं आणि हातात घेतली की रिकाम्या डब्याइतकी हलकी लागते, तिने मारलेले बोर्ड माझ्याकडे आपणहून मेलेल्या बोर्डांपेक्षा जास्त येतात. बोर्डावर हजार रुपये वाचवा हवं तर, पण ८० प्लस ब्रॉन्झची (वीज कमी वाया घालवण्याच्या दर्जाची खूण) एसएमपीएस घ्या.

काठावरचा

बापरे. कॅबिनेट उघडून बघितलं. न चालणाऱ्या बोर्डावर प्रोसेसरच्या वरच्या बाजूला तीन कपॅसिटर स्पष्ट फुगलेत, एकाचं डोकं तर फुटलंच आहे. आणि कोपऱ्यात पालीची अंडी. ती साफ केली.

म्हणजे एच६१ बाद. मग घ्यायचं काय?

फुकटफौजदार

पालीची अंडी वॉरंटीत येतात का? 😄

बिनतारी

पुण्यात एका कंपनीत शंभरेक मशीन सांभाळतो, त्या अनुभवावरून.

तुमच्या कामाला एच६१० चिपसेटचा बोर्ड पुरून उरेल. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए १७००, त्यावर बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. आय३-१२१०० टाकलात तरी काउंटरचं काम पळेल. व्यवस्थापकांना मोठ्या एक्सेल लागत असतील तर आय५-१२४००. एक खूणगाठ बांधा: नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घ्यायचा नाही. त्यात ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या मागचे व्हीजीए-एचडीएमआय नुसते शोभेला राहतात आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. कोटेशन कमी दिसावं म्हणून दुकानदार हमखास 'एफ' लिहितात.

एच६१० ला रॅमच्या दोनच जागा असतात, ऑफिसला तेवढ्या खूप झाल्या. पण डीडीआर४ चा बोर्ड वेगळा, डीडीआर५ चा वेगळा. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, आणि तुमच्या एच६१ मधली डीडीआर३ तर दोन्हींत नाही. "जुनी रॅम वापरू" असं कोणी म्हणालं तर तो विषय तिथेच मिटवा. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव भलतेच चढले, त्यामुळे कोटेशनमध्ये रॅमची ओळ बोर्डाच्या ओळीपेक्षा जास्त बारकाईने वाचा.

एम.२ ची (थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीची) एक जागा बहुतेक बोर्डांवर असते, त्यात एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी घाला. एच६१ वरून येणाऱ्याला फरक जाणवेल तो मुख्यतः इथे.

एएमडीचं (इंटेलची स्पर्धक कंपनी) वावडं नसेल तर ए५२० बोर्ड आणि रायझन ५ ५६००जी हीही जुनी, मुरलेली जोडी आहे. तिथे उलट: 'जी' असलेला घ्या, त्यात ग्राफिक्स असतं. आणखी नवं हवं तर एएम५ सॉकेट, त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. पण पतसंस्थेत कोण दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलतंय? मशीन घेतलं की ते भंगारात जाईपर्यंत तेच.

आता कंपनी. असूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक या चौघांत मी भांडणार नाही. तुम्ही भांडायचं ते सर्व्हिसवरून. बोर्ड गेला तर तो जमा कुठे करायचा, रत्नागिरीत, कोल्हापुरात की थेट मुंबईला? परत यायला किती दिवस? हे दुकानदाराला विचारून लिहून घ्या. तीन वर्षांची वॉरंटी कागदावर सारखीच असते. महिनाभर काउंटर बंद राहिलं तर ती चाटायची का?

ताळेबंद

बिनतारींच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते, मशीनमधलं कळत नाही, कागदातलं सांगते.

कोटेशन मागताना नुसतं "आय३ कॉम्प्युटर, ८ जीबी" असं लिहून देऊ नका. तीन दुकानदार तीन वेगळ्याच वस्तू लिहून देतात आणि मग सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी माल. बोर्डाचं पूर्ण मॉडेल, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमची जात, एसएमपीएसची कंपनी आणि वॅट हे तुम्हीच ठरवून तिघांना एकच यादी द्या. मग तुलनेला अर्थ.

बिलावर बोर्डाचा सिरियल नंबर यायलाच हवा. "असेंबल्ड सीपीयू – १ नग" असं बिल असेल तर दोन वर्षांनी वॉरंटी मागताना हात वर करतात. जुन्या मशीनमध्ये फक्त बोर्ड बदलला तर तो दुरुस्ती खर्च, पूर्ण मशीन घेतलं तर मालमत्ता, डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद. पुरात गेलेल्यांची नोंद रजिस्टरमधून रीतसर कमी केली का, तेही बघा. बऱ्याच ठिकाणी ती मशीन कागदावर अजून जिवंत आहेत.

काठावरचा

ताई, नेमकं दुखत्या ठिकाणी बोट ठेवलंत. ठरावच झाला नाही अजून. पुढच्या मीटिंगला घेतो.

भाच्याचं काय करू? तो म्हणतो एच६१० म्हणजे सगळ्यात खालचा, त्यावर हीटसिंकसुद्धा (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) नसतो.

सोल्डरगन

भाचा चुकीचं बोलत नाही, फक्त वेगळ्या कामाबद्दल बोलतोय. प्रोसेसरला वीज पुरवणारा जो भाग असतो त्याला व्हीआरएम म्हणतात. दोन-अडीचशे वॅट ओढणारा प्रोसेसर असला की तो भाग भाजून निघतो, म्हणून त्यावर जाड हीटसिंक. आय३-१२१०० ची मूळ मर्यादा ६० वॅट, आय५-१२४०० ची ६५. आणि पासबुक छापताना तो तेवढेही ओढत नाही. महागड्या बोर्डाचे पैसे दिव्यांच्या पट्ट्या, वायफाय आणि ओव्हरक्लॉकिंगला (प्रोसेसर ठरल्यापेक्षा वेगाने पळवणं) जातात, तुम्हाला तिन्हींचा उपयोग नाही.

बी७६० चिपसेटच्या बोर्डावर जायचं एखाद्याच कारणासाठी: दुसरी एम.२ जागा हवी, रॅमच्या चार जागा हव्यात, किंवा मागे जास्त यूएसबी हवेत. तुमच्या आतल्या खोलीतल्या मशीनसाठी मी बी७६० घेईन, म्हणजे दोन एसएसडी लावता येतील.

भाच्याला एक काम द्या: बोर्ड लावला की कंपनीच्या साइटवरून बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ताजा करायचा. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजची भानगड निघाली होती, इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून दिला, तो बायोसमधूनच येतो. बाराव्या पिढीला ती बाधा नव्हती. ज्या बोर्डाच्या सपोर्ट पानावर दोन-तीन वर्षांत एकही नवा बायोस आलेला नाही तो बोर्ड घेऊ नका, माझी ही एकच परीक्षा असते.

पन्हाळी_वारा

एवढा खटाटोप कशाला? मोठ्या कंपन्यांतून उतरलेली ब्रँडेड रिफर्बिश्ड (वापरलेली, दुरुस्त केलेली) मशीन मिळतात, आठव्या-नवव्या पिढीची, विंडोज ११ चालणारी. आमच्या शाळेत तीच घेतली, मस्त चालतात. बोर्ड अस्सल कंपनीचा, असेंब्लीचं डोकं नाही.

बिनतारी

वाईट सल्ला नाही, पण एक गोम आहे. त्यातल्या बऱ्याच मशीनचा बोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. २४ पिनांची नेहमीची वायर बसत नाही, बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये जात नाही. पुण्या-मुंबईत सुटे भाग मिळतात, चिपळुणात शनिवारी दुपारी मिळणार नाहीत. शाळेच्या लॅबला चालेल, तिथे एक बंद पडलं तर मुलं शेजारी सरकतात. काउंटरला नको.

त्यापेक्षा पाचही मशीन एकाच कंपनीची, चार तर तंतोतंत एकाच मॉडेलची घ्या. एक बंद पडलं की एसएसडी काढून दुसऱ्यात घातली आणि काम सुरू. पैसे असतील तर एक बोर्ड जादा घेऊन कपाटात ठेवा. असूसकडे कॉर्पोरेट स्टेबल मॉडेल म्हणून मालिका आहे, तीत तेच मॉडेल ३६ महिन्यांपर्यंत मिळत राहील अशी सोय ठेवतात. नाहीतर सहा महिन्यांनी तोच बोर्ड मागायला जावं तर आवृत्ती बदललेली असते.

जांभा

मंडळी, सगळे बोर्डावर बोलतायत. मी वायरमन, संगमेश्वर भागात फिरतो. धागाकर्त्याचं लॅन पावसाळ्यात गेलंय याकडे कोणी बघितलंच नाही.

दादा, एक सांगा. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की झिणझिण्या येतात का?

काठावरचा

येतात! सगळ्यांनाच. आम्ही चपला घालून बसतो. कॅशियर बाई तर लाकडी पाटावर पाय ठेवतात.

जांभा

मग तिथेच आहे सगळं. घाबरण्यासारखं आहे, म्हणून नीट सांगतो.

एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग ठीक असेल तर त्यातून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत जातो, कळतही नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११०-११५ व्होल्टच्या आसपास. त्याच झिणझिण्या. आता या मशीनची लॅन किंवा प्रिंटरची केबल चालू असताना काढली-घातली की तो फरक पोर्टमधून उतरतो. यूएसबी जातात, प्रिंटर पोर्ट जातात. कसलाही बोर्ड आणा, चाळीस हजारांचा आणा, यापुढे टिकणार नाही.

मीटर घेऊन प्लगमध्ये तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. हे काम तुम्ही करू नका, वायरमनकडून करून घ्या.

आपल्याकडची दुसरी गंमत म्हणजे कातळ. जांभ्यात खड्डा मारून पाइप पुरला तर पावसाळ्यात अर्थिंग छान दाखवतं, मार्च-एप्रिलमध्ये कातळ सुकला की गेलं. कोळसा-मीठ भरून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं, किंवा केमिकल अर्थिंग करून घ्यावं. मोजायचं ते उन्हाळ्यात.

आता लॅन. वीज चमकते तेव्हा ती घरावर पडावीच लागत नाही. खांबावरून तांब्याची केबल राउटरला आली असेल तर आसपास पडलेल्या विजेचा धक्का त्या तारेतून राउटर, तिथून लॅन, तिथून बोर्ड. कोकणात बोर्ड जाण्याचं हे माझ्या पाहण्यातलं मोठं कारण. फायबर घ्या. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. मात्र तिच्या डबीच्या अडॅप्टरमधून येऊ शकते, म्हणून तोही यूपीएसवर आणि विजेच्या मेन स्विचबोर्डावर एसपीडी (विजेचा झटका अडवणारं उपकरण). संध्याकाळी ढग भरून आले की लॅन केबलही काढा, नुसता प्लग काढून भागत नाही.

सोल्डरगन

दंडवत. हे धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

एक पुरवणी: फक्त लॅन गेलेला बोर्ड टाकून देऊ नका. बाकी ठीक असेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावून नवी मशीन येईपर्यंत काम काढता येतं.

फुकटफौजदार

मी आत्ता आमच्या पेढीवरच्या कॅबिनेटला हात लावून आलो. सांगत नाही काय झालं ते. वायरमनला फोन केलाय.

काठावरचा

वायरमन येऊन गेला. न्यूट्रल-अर्थ ४१ व्होल्ट. अर्थिंगची तार मीटरपेटीच्या मागे तुटून लोंबत होती, बहुधा पुरानंतरच्या दुरुस्तीपासूनच. नवा खड्डा मारतोय.

राहिला पासबुक प्रिंटर. नवीन बोर्डांना रुंद पोर्ट दिसत नाही. यूएसबीची कन्व्हर्टर केबल चालेल का?

सोल्डरगन

छापणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापत असेल तर चालेल. जुनं डॉसच्या वळणाचं, थेट एलपीटी१ ला (म्हणजे त्या रुंद प्रिंटर पोर्टला) पाठवणारं असेल तर रडवेल. त्या केबलने एलपीटी पोर्ट तयार होत नाही, विंडोजला तो यूएसबी प्रिंटर दिसतो. मग प्रिंटर शेअर करून "नेट यूज एलपीटी१" ची आज्ञा द्यायची, ती मशीन चालू करताना दरवेळी लागायला हवी, अशी कसरत.

त्यापेक्षा बोर्डाचं मॅन्युअल उतरवून घ्या आणि पीसीबीच्या आकृतीत एलपीटी आणि कॉम (जुना सिरियल पोर्ट) नावाचे पिनांचे जुडगे आहेत का बघा. एच६१० च्या काही बोर्डांवर मागे पोर्ट नसला तरी आत हे जुडगे असतात, शंभर-दोनशेची पट्टी-केबल लावली की मागे अस्सल पोर्ट मिळतो. सगळ्यांवर नसतात. म्हणून तुमच्यासाठी मॉडेल निवडण्याची पहिली चाळणी हीच, प्रोसेसर-रॅम नंतर. मागे व्हीजीए आहे का तेही त्याच आकृतीत दिसेल.

काठावरचा

सापडलं. दोन मॉडेलं निघाली, दोन्हींत एलपीटी, कॉम आणि व्हीजीए. ज्याची सर्व्हिस कोल्हापुरात आहे ते धरलं. यादी अशी: काउंटर आणि व्यवस्थापकांसाठी एच६१०, डीडीआर४, आय३-१२१००, ब्रॉन्झ एसएमपीएस. आतल्या खोलीसाठी बी७६० आणि आय५-१२४००. एक एच६१० कपाटात. तिन्ही दुकानदारांना हीच यादी दिली. एकाने लगेच फोन करून "एफवाला लावू का, स्वस्त पडेल" असं विचारलं, बिनतारींची आठवण झाली.

जोडणी झाल्यावर बायोसमध्ये काय बघायचं तेवढं सांगा.

सोल्डरगन

फार नाही. टीपीएम चालू आहे ना (इंटेलमध्ये पीटीटी नावाने असतं), सिक्युअर बूट चालू, तारीख-वेळ बरोबर. तारीख आपोआप मागे जायला लागली की सीआर२०३२ सेल बदलायचा, नाहीतर ब्राउझर प्रमाणपत्र चुकीचं म्हणून बँकिंगचं पानच उघडणार नाही आणि तुम्ही इंटरनेटवाल्याशी भांडत बसाल.

वीज गेल्यावर परत आली की मशीनने काय करावं अशी एक सेटिंग असते. काउंटरच्या मशीनना "बंदच राहा" ठेवा, कारण आपल्याकडे वीज येताना तीनदा येते-जाते. आतल्या खोलीतलं यूपीएसवर आहे, त्यालाही तेच, सकाळी माणसाने बटण दाबावं.

आणि सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण येतं, ते फेकू नका. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, एक वाकली तरी वॉरंटी नाकारतात, आणि बोर्ड जमा करताना झाकण लावलेलं लागतं. खोक्यातच ठेवा, खोक्यावर मशीनचा नंबर मार्करने लिहून.